टीव्ही मिचमिचतोय? आधी त्याचा मेनू उघडून बघा

ताईचा फोन आला तेव्हा तिचा निर्णय जवळजवळ झालेला होता. "टीव्ही मिचमिचतोय रे. दुरुस्तीवाले दादा म्हणाले, पॅनल गेलं असणार, त्यात पैसे घालण्यापेक्षा नवीन घ्या. कुठला घेऊ ते सांग."

ताई घरून हिशेबाचं काम करते. दिवसभर टॅली, एक्सेल आणि जीएसटीचं पोर्टल. लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर डोळे दुखतात म्हणून तिने हॉलमधला जुना ३२ इंची टीव्ही एचडीएमआय केबलने लॅपटॉपला जोडून घेतला होता. मी म्हटलं, रविवारपर्यंत थांब, काही घेऊ नकोस.

रविवारी गेलो आणि आधी नुसतं तिच्या शेजारी बसून बघितलं. अर्ध्या तासात दोन गोष्टी दिसल्या. एक्सेलमधल्या आडव्या रेघा सतत थरथरत होत्या, आणि अधूनमधून सगळा पडदा दोन सेकंद काळा होऊन परत येत होता. ताई दोन्हीला "मिचमिचणं" म्हणत होती. दुरुस्तीवाल्यांनीही तो एकच शब्द फोनवर ऐकला आणि पॅनलवर बोट ठेवलं. प्रत्यक्षात ते दोन वेगळे बिघाड होते आणि पॅनलचा दोन्हीशी संबंध नव्हता.

म्हणून माझी पहिली विनंती ही की टीव्हीला काहीही करण्याआधी क्रियापद नीट निवडा. मराठीत शब्दांची कमी नाही. चित्र थरथरतं का? उजेड कमी-जास्त होतो का? पूर्ण काळोख होऊन चित्र परत येतं का? बारीक चमकते ठिपके उडतात का? की फक्त एकाच प्रोग्रामची खिडकी फडफडते? या प्रत्येकाचं कारण वेगळ्या ठिकाणी असतं, आणि नेमकं काय होतंय ते कळलं की निम्मा शोध संपतो.

दुसरी गोष्ट रिमोटची. टीव्ही मिचमिचत असतानाच टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडा आणि तसाच ठेवा. हा मेनू केबलमधून येत नाही, टीव्हीच्या आत तयार होतो. मागचं एक्सेल थरथरतंय पण वरचा मेनू दगडासारखा स्थिर असेल, तर पॅनल आणि त्यामागचा दिवा ठीक आहेत आणि बिघाड लॅपटॉपपासून टीव्हीच्या सॉकेटपर्यंत कुठेतरी आहे. मेनूसकट सगळं लुकलुकत असेल, तर संशय टीव्हीवर. ताईच्या टीव्हीचा मेनू अजिबात हलत नव्हता. पडदा पूर्ण काळा होण्याच्या प्रकारात मात्र ही परीक्षा पुरेशी नाही, कारण सिग्नल तुटला की काही टीव्ही मेनूही बंद करतात. तिथे लॅपटॉप काढून सेट-टॉप बॉक्स त्याच सॉकेटला लावायचा आणि तासभर बघायचं. तरीही पडदा काळा होत असेल, तर संशय टीव्हीवर.

आता त्या केबलमध्ये काय चालतं ते समजून घेऊ, कारण बहुतेक भानगडी तिथेच होतात.

फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. हे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने पाठवलं जातं. त्यात जुन्या काचेच्या टीव्हीपासून चालत आलेली एक प्रथा आहे. तेव्हा इलेक्ट्रॉनचा झोत एक ओळ काढून परत डावीकडे यायला थोडा वेळ घ्यायचा, म्हणून सिग्नलमध्ये रिकामी जागा सोडलेली असायची. झोत गेला, जागा राहिली. ती धरून हिशेब २२०० गुणिले ११२५ चा होतो, म्हणजे सेकंदाला १४ कोटी ८५ लाख ठिपके. लाल, हिरवा, निळा यांच्यासाठी तारांची एकेक जोडी, आणि सिग्नल नीट वाचता यावा म्हणून प्रत्येक ८ बिटांचे १० बिट करून पाठवायचे. म्हणजे एका जोडीतून सेकंदाला १४८ कोटी ५० लाख बिट. ४के चित्र, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचं, ६० हर्ट्झने (सेकंदाला ६० वेळा) पाठवलं की हे सगळं चौपट, एका जोडीतून ५९४ कोटी.

एवढ्या वेगाने धावणाऱ्या सिग्नलला वाकलेली केबल, सैल सॉकेट, शेजारून जाणारी विजेची वायर या सगळ्याचा त्रास होतो. पण तो त्रास कसा दिसतो, यात जुन्या आणि नव्या काळाचा मोठा फरक आहे. छतावरच्या अँटेनाच्या दिवसांत सिग्नल खराब झाला की टीव्हीवर मुंग्या यायच्या. अँटेना फिरवला की मुंग्या कमी, अजून फिरवला की अजून कमी. बिघाड हळूहळू वाढायचा, म्हणून तो समजायचा. डिजिटल सिग्नल तसा हळूहळू बिघडत नाही. काठापर्यंत चित्र अगदी निर्दोष असतं, काठावर आलं की तुरळक चमकते ठिपके किंवा आडव्या चिरा दिसतात, आणि काठ ओलांडला की टीव्ही हात टेकतो. पडदा काळा, दोन सेकंद शोधाशोध, पुन्हा चित्र. त्यामुळे "केबल ठीकच आहे, चित्र किती छान येतं!" हा युक्तिवाद फसवा आहे. छान चित्र येणारी केबल काठापासून एका बोटावर असू शकते.

हे तपासण्याचा सोपा उपाय म्हणजे गर्दी कमी करून बघणं. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले आणि तिथून अॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा. वरच्या यादीत टीव्ही निवडा, लॅपटॉपची स्क्रीन नव्हे. ४के टीव्ही ६० हर्ट्झवर असेल तर ३० वर आणा, किंवा रिझोल्यूशन फुल एचडी करा. काळं होणं थांबलं तर केबल, अडॅप्टर किंवा सॉकेट यांपैकी कुणालातरी तो वेग पेलत नाहीये. मात्र ३० हर्ट्झवर कायम काम करू नका. माउसचा बाण अडखळत चालतो आणि डोळे थकतात.

केबल घेताना आवृत्तीच्या आकड्यांपेक्षा केबलचा वर्ग बघा. २००९ साली आलेल्या एचडीएमआय १.४ ची मर्यादा सेकंदाला १,०२० कोटी बिट होती, म्हणून त्या काळची उपकरणं ४के फक्त ३० हर्ट्झवर देतात. २०१३ च्या २.० ने ती १,८०० कोटींवर नेली आणि ४के ६० हर्ट्झवर जमू लागलं. केबलच्या वेष्टनावर "प्रीमियम हाय स्पीड" लिहिलं असेल तर ती या वेगासाठी तपासलेली असते. "अल्ट्रा हाय स्पीड" तर ४,८०० कोटींपर्यंत जाते. लांबी शक्य तितकी कमी ठेवा. दोन मीटरमध्ये भागत असताना पाच मीटरची केबल गुंडाळून टीव्हीमागे कोंबणं म्हणजे स्वतःहून दुखणं ओढवून घेणं.

बऱ्याच नव्या लॅपटॉपना एचडीएमआयचं भोकच नसतं, मग टाइप-सीचा डोंगल किंवा हब मध्ये येतो. माझ्या मते आज सर्वांत जास्त लपंडाव हीच डबी खेळते. तिच्या आत एक चिप असते, जी लॅपटॉपमधून येणाऱ्या डिस्प्लेपोर्ट नावाच्या वेगळ्या पद्धतीच्या सिग्नलचं एचडीएमआयमध्ये रूपांतर करते. ती तापते. सकाळी ठीक चालणारी स्क्रीन दुपारी दोनच्या सुमारास काळी व्हायला लागली, तर त्या डबीला हात लावून बघा. त्याच हबमधून लॅपटॉप चार्ज होत असेल आणि हार्ड डिस्कही लावलेली असेल, तर ती दोन्ही काढून बघा. बरेच हब ४के फक्त ३० हर्ट्झवरच देतात, कारण टाइप-सीच्या चार वेगवान वाटांपैकी दोन ते यूएसबीसाठी राखून ठेवतात. आणि लॅपटॉपला टाइप-सी आहे म्हणजे त्यातून चित्र निघेलच असं नाही. काही पोर्ट फक्त चार्जिंग आणि डेटासाठी असतात.

काळं होण्याच्या प्रकारात एक खूण फार उपयोगी पडते. टीव्ही काळा झाला त्या क्षणी लॅपटॉपच्या स्क्रीनकडे बघा. तीही क्षणभर काळी झाली आणि टीव्हीवरच्या खिडक्या उड्या मारून लॅपटॉपवर आल्या, तर लॅपटॉपला वाटलं आहे की टीव्ही कुणी काढूनच घेतला. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी शेवटची, १९ वी, याच कामाची आहे. "मी इथे जोडलेलो आहे" एवढंच ती टीव्हीच्या वतीने सांगत असते. सॉकेट सैल झालं की तिचा संपर्क तुटतो. भिंतीवरच्या टीव्हीला हे जास्त होतं. या प्लगला स्क्रू नाही, खटका नाही, तो फक्त घर्षणावर टिकलेला असतो आणि जाड केबल आपल्या वजनाने त्याला दिवसरात्र खाली ओढत असते. केबल टीव्हीच्या मागे चिकटपट्टीने किंवा टायने अडकवून तिचा भार काढून घ्या. उलट लॅपटॉपची स्क्रीन शांत राहिली, खिडक्या जागच्या हलल्या नाहीत आणि फक्त टीव्ही काळा होऊन परत आला, तर जोडणी शाबूत आहे, टीव्हीला मधले बिट नीट वाचता आले नाहीत. म्हणजे केबल, वेग किंवा विजेचा त्रास.

ताईकडे हा दुसरा प्रकार होता. पण आधी तिच्या थरथरणाऱ्या रेघांबद्दल सांगतो, कारण त्या सापडल्या तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

लॅपटॉप आणि टीव्ही जोडले की टीव्ही आधी आपली ओळख सांगतो. मला कोणकोणती रिझोल्यूशन चालतात, किती हर्ट्झ चालतात, याची १२८ बाइटची एक चिठ्ठी आणि तिला जोडलेली पुरवणी तो पाठवतो. लॅपटॉप ती वाचून मोड निवडतो. ताईचा टीव्ही "एचडी रेडी" काळातला. त्याच्या पॅनलवर १३६६ गुणिले ७६८ एवढेच ठिपके. पण चिठ्ठीत त्याने १०८० आय हा प्रकारही चालतो असं लिहिलं होतं, आणि लॅपटॉपने मोठा आकडा बघून तोच धरला होता. अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमधून टीव्हीच्या अडॅप्टरचे गुणधर्म उघडले आणि "लिस्ट ऑल मोड्स" दाबलं, तेव्हा निवडलेल्या ओळीपुढे स्पष्ट लिहिलं होतं: इंटरलेस्ड.

इंटरलेस्ड म्हणजे १०८० ओळी एकदम न पाठवता आधी विषम ५४० आणि मग सम ५४० पाठवायच्या. टीव्ही प्रसारणात डेटा वाचवायला ही युक्ती चांगली चालते, कारण माणसाचा चेहरा किंवा क्रिकेटचं मैदान यांत एका ठिपक्याइतकी बारीक रेघ सहसा नसते. एक्सेलमध्ये मात्र तशाच रेघा भरलेल्या असतात. एका ठिपक्याची आडवी रेघ एकतर विषम ओळींत सापडते किंवा सम ओळींत. एका फेरीत ती आहे, पुढच्या फेरीत नाही. मधली जागा टीव्ही अंदाजाने भरतो आणि त्या अंदाजात रेघ सेकंदाला तीस वेळा वर-खाली होते. म्हणून उभ्या रेघा शांत, आडव्या थरथरत्या. सेट-टॉप बॉक्सवर मालिका बघताना घरात कुणालाच काही जाणवलं नव्हतं, ते यामुळेच.

यादीतून १२८० बाय ७२०, ६० हर्ट्झ, इंटरलेस्ड न लिहिलेला मोड निवडला. रेघा जागच्या जागी बसल्या. ताई पुढे वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "पण आता कॉलम कमी दिसतायत." तिचं बरोबर होतं. मग १३६० बाय ७६८ लावून बघितलं, टीव्हीने ते घेतलं आणि दोन कॉलम परत मिळाले. टीव्हीच्या इनपुटचं नाव बदलून "पीसी" केलं, चित्राचा आकार "जस्ट स्कॅन" (न ताणता, न कापता) केला, अक्षरंही धारदार झाली.

जाता जाता, यादीत ५९.९४ आणि ६० असे दोन जवळजवळ सारखे आकडे दिसतात, त्याने गोंधळू नका. १९५३ मध्ये अमेरिकेत रंगीत टीव्हीचं मानक ठरलं तेव्हा रंगाची माहिती आवाजाच्या सिग्नलशी भांडू नये म्हणून ६० चा वेग किंचित कमी केला गेला, तो आजही सोबत आहे. एकावर त्रास होत असेल तर दुसरा लावून बघायला हरकत नाही.

आता काळोख. मी घड्याळ लावून बसलो होतो आणि काही सूत्र लागत नव्हतं. मग भाचीने स्वयंपाकघरातली ट्यूब बंद केली आणि त्याच क्षणी टीव्ही गेला. पुन्हा लावून बंद केली. पुन्हा गेला. दहा वेळा केलं, सहा-सात वेळा टीव्ही गेला, आणि प्रत्येक वेळी ट्यूब बंद करताना.

जुन्या ट्यूबलाइटमध्ये चोक असतो, म्हणजे तांब्याच्या तारेचं वेटोळं. त्यातला प्रवाह अचानक तोडला की ते क्षणभर उंच व्होल्टेज तयार करतं आणि बटणाच्या आत बारीक ठिणगी उडते. मिक्सर, फ्रीजचा कॉम्प्रेसर, पाण्याची मोटर यांचंही तेच. ही ठिणगी घरातल्या वायरिंगमधून धावते आणि वायर अँटेनासारखी तिला हवेतही फेकते. ताईकडे एचडीएमआयची केबल "दिसायला बरी" म्हणून टीव्हीच्या विजेच्या वायरसोबत एकाच केसिंग पट्टीत घातली होती, तीन मीटर खांद्याला खांदा लावून. असाच धक्का काही वेळा ऑफिसच्या गॅसवर वर-खाली होणाऱ्या खुर्चीतूनही बसतो. खुर्चीवरून उठताना स्थिर विजेची ठिणगी पडते आणि स्क्रीन जाते. खुर्चीवरून उठल्यावरच स्क्रीन जाते असं कुणी सांगितलं तर त्याला वेड्यात काढू नका.

त्यात अर्थिंगची भर होती. लॅपटॉपचा चार्जर तीन पिनांचा, पण तो दोन पिनांच्या कन्व्हर्टरमधून बोर्डात खोचलेला. चार्जरमध्ये विजेतली खळबळ गाळण्यासाठी कपॅसिटर नावाचे बारीक भाग असतात आणि त्यांतून नखभर प्रवाह अर्थकडे जायचा असतो. अर्थच नसेल तर तो लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर साचतो. हात फिरवला की मुंग्या आल्यासारखं वाटतं ते हेच. मग त्याला वाट मिळते ती एचडीएमआय केबलच्या जाळीतून टीव्हीकडे, आणि तिथून सेट-टॉप बॉक्सच्या केबलकडे. यासाठी एक बिनखर्चाची परीक्षा आहे: चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. ताईकडे बॅटरीवर दहापैकी दोनच वेळा टीव्ही गेला. केबल पट्टीतून बाहेर काढून वेगळ्या वाटेने लोंबकळत ठेवली, तेव्हा एकदाही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी वायरमन काकांना बोलावलं. बोर्डातल्या अर्थच्या भोकामागे वायरच जोडलेली नव्हती. त्यांनी ती ओढून घेतली, कन्व्हर्टर कचऱ्यात गेला आणि दोन मीटरची चांगली केबल वेगळ्या वाटेने लावली. एवढ्यावर काम झालं. इथे मी कळकळीने सांगतो: अर्थची पिन तोडून किंवा तिला बगल देऊन मिचमिचणं थांबवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तुमच्या घरात २३० व्होल्ट आहेत आणि ती पिन माणसासाठी आहे.

उजेड कमी-जास्त होण्याचा प्रकार निराळा. पांढरं एक्सेल उघडलं की पडदा उजळतो, काळी खिडकी आली की मंदावतो, आणि हे एक-दोन सेकंदांत हळूच होतं. हा बिघाड नाही. टीव्ही चित्रपटासाठी बनवलेला असतो, म्हणून चित्र बघून तो मागचा दिवा स्वतःच हलवतो. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, लोकल डिमिंग, इको आणि खोलीचा उजेड मोजणारा सेन्सर, हे सगळं बंद करा. गेम मोड किंवा पीसी मोड लावला की यातलं बरंचसं आपोआप बंद होतं. व्हेरिएबल रिफ्रेश रेट आणि एचडीआर हेही कामाच्या वेळी बंदच बरे.

डोळ्यांना काही दिसत नाही, पण डोकं दुखतं आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून टीव्हीवर काळे पट्टे सरकताना दिसतात, असंही होतं. बरेच टीव्ही उजेड कमी करण्यासाठी दिवा वेगाने चालू-बंद करतात आणि उजेड जितका कमी, तितका बंद राहण्याचा वेळ जास्त. इथे "बॅकलाइट" वाढवा. बऱ्याच टीव्हींमध्ये "ब्राइटनेस" म्हणजे फक्त काळ्या रंगाची पातळी असते, तिने दिव्याला काही होत नाही.

लॅपटॉपमधला दोष ओळखायला टास्क मॅनेजर उघडा: कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप. सगळं फडफडतंय आणि टास्क मॅनेजरही फडफडतोय, तर डिस्प्ले ड्रायव्हरवर, म्हणजे चित्र हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरवर, संशय घ्या. बाकी सगळं फडफडतंय पण टास्क मॅनेजर स्थिर, तर एखादं अॅप गडबड करतंय. अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून ड्रायव्हर मागच्या आवृत्तीवर नेता येतो. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबलं की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, उघडलेली कामं तशीच राहतात. फक्त ब्राउझर फडफडत असेल तर त्याच्या सेटिंग्जमधलं ग्राफिक्स अॅक्सेलरेशन बंद करून बघा. आणि सिनेमाचं अॅप उघडताना पडदा एकदाच सेकंदभर काळा झाला, तर तिथे कॉपीविरोधी कुलपाची देवघेव चाललेली असते. तिला हात लावायचं कारण नाही.

मेनूसकट सगळंच लुकलुकत असेल तर मात्र टीव्हीवाल्यांना बोलवावंच लागतं. त्याआधी एक करा. पडदा काळा आहे पण आवाज येतोय, अशा वेळी खोली अंधारी करून मोबाइलचा टॉर्च पडद्याला तिरका टेकवा. आत चित्र पुसटसं हलताना दिसलं, तर पॅनल जिवंत आहे आणि मागच्या एलईडीच्या पट्ट्या किंवा त्यांना वीज देणारा भाग गेला आहे. पट्ट्या बदलून मिळतात आणि पॅनलच्या मानाने त्या बऱ्याच स्वस्त पडतात. टीव्ही स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही वेळ वीज टिकते. फोनवर "टीव्ही मिचमिचतोय" एवढंच सांगू नका. "मेनूसुद्धा लुकलुकतो, दुसऱ्या केबलवर आणि सेट-टॉप बॉक्सवरही तसंच होतं, टॉर्च लावला की चित्र दिसतं, तुम्ही पट्ट्या बघणार की पॅनल?" असं विचारा.